बातुमी: काळ्या समुद्रावरच्या सीमेलगतच्या शहराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि 'बातुमी' हे नाव मराठी घराघरांत पोहोचलं. त्याआधी ते आपल्याकडे मुख्यतः जॉर्जियात डॉक्टरकी शिकायला मुलं पाठवलेल्या आईवडिलांना ठाऊक होतं, आणि अलीकडे थोडंफार पर्यटकांना. या शहराविषयी लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींसाठी इतिहासात मागे जावं लागतं. बातुमीत 'इथे मशीद, चर्च आणि सिनेगॉग इतकी जवळजवळ कशी?' एवढं साधं विचारलं तरी उत्तर एखाद्या तहापाशी जाऊन पोहोचतं.

बातुमी नेमकं आहे तरी कुठे?

काळ्या समुद्राच्या नकाशावर उजवीकडचा खालचा कोपरा पाहा. तिथे जॉर्जियाचा किनारा संपतो आणि तुर्कस्तानचा सुरू होतो. त्या सांध्याच्या जरा वर बातुमी आहे. अजारा या स्वायत्त प्रजासत्ताकाची ही राजधानी. सार्पीचं सीमा नाकं शहरापासून वीसेक किलोमीटरवर, म्हणजे गाडीने अर्धा तास. देशाची राजधानी त्बिलिसी मात्र रेल्वेने पाच तासांवर. शहराची पाठ डोंगराला टेकलेली आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यातली सपाट जमीन इतकी अरुंद, की कोकणातल्या माणसाला ही मांडणी पाहताक्षणी ओळखीची वाटेल.

'बातुमी' या नावाचा अर्थ काय?

ग्रीक दर्यावर्दी या जागेला 'बाथुस' म्हणत, म्हणजे खोल. इथल्या उपसागरात पाणी काठालगतच खोल होतं, त्यामुळे मोठं जहाज थेट आत येऊ शकतं. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर अशी जागा सहसा सापडत नाही. ओटोमन तुर्कांना, रशियाच्या झारला, तेलवाल्यांना आणि ब्रिटिशांना हे गाव का हवंसं वाटलं, याचं उत्तर या एका शब्दात आहे.

सीमेने हे शहर घडवलं असं म्हणतात, ते कसं?

माझ्या मते बातुमीबद्दलचा हाच खरा प्रश्न आहे. सीमा सरकली, उघडली किंवा बंद झाली, की दर वेळी हे शहर नव्याने घडलं.

१८७८ पर्यंत हे ओटोमन साम्राज्यातलं एक छोटं बंदर होतं. रशिया-तुर्कस्तान युद्धानंतर बर्लिनच्या तहाने ते रशियाकडे गेलं, पण एका अटीवर: बातुमी हे करमुक्त, व्यापारी बंदर राहील. रशियाने ती अट आठ वर्षं पाळली आणि १८८६ मध्ये मोडली. तेवढ्या काळात ग्रीक, आर्मेनियन, ज्यू, रशियन, युरोपियन व्यापारी इथे येऊन स्थिरावले होते. त्याच सुमाराला अजारातली अनेक मुस्लिम कुटुंबं मात्र घरदार सोडून ओटोमन मुलखात निघून गेली. एक लोंढा आत येत होता, दुसरा बाहेर जात होता. आज तुर्कस्तानात जॉर्जियन भाषा आणि जॉर्जियन गाणी जपणारी गावं आहेत, ती त्या बाहेर गेलेल्यांची.

१८८३ मध्ये बाकूपासून बातुमीपर्यंत रेल्वे पूर्ण झाली आणि कॅस्पियनकाठचं तेल या खोल बंदरात येऊ लागलं. नोबेल बंधू आले, युरोपातल्या रॉथशील्ड या सावकार घराण्याचा पैसा आला. त्या काळी तेल डब्यांत भरून जहाजाने पाठवत. १८९२ मध्ये 'मुरेक्स' नावाचं तेलवाहू जहाज बातुमीत रॉकेल भरून निघालं आणि सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेलं. टाक्यांत सुटं तेल घेऊन कालवा ओलांडणारं ते पहिलं जहाज. आशियातल्या घरांत रॉकेलचे दिवे स्वस्त झाले त्यामागे या बंदराचा मोठा वाटा आहे. शहरातलं नोबेल बंधूंचं तंत्रज्ञान संग्रहालय हा सगळा काळ दाखवतं. पर्यटक ते सहसा वगळतात. तुम्ही वगळू नका.

तेलाबरोबर कामगारही आले आणि त्यांचे हालही. मार्च १९०२ मध्ये संपकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. त्या कामगारांना संघटित करणाऱ्यांत एक तरुण जॉर्जियन होता, जो पुढे स्टालिन या नावाने जगाला कळला.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी तर इथला झेंडा तीन वर्षांत चारदा बदलला. एप्रिल १९१८ मध्ये तुर्की सैन्य आलं, डिसेंबरात ब्रिटिश आले, जुलै १९२० मध्ये ते शहर जॉर्जियाच्या ताब्यात देऊन गेले आणि मार्च १९२१ मध्ये सोव्हिएत सत्ता आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कार्सचा तह झाला. तुर्कस्तानने बातुमीवरचा हक्क सोडला, पण दोन गोष्टी लिहून घेतल्या: इथल्या लोकांना स्थानिक स्वायत्तता आणि आपापला धर्म, आपापली संस्कृती जपण्याची मोकळीक मिळेल, आणि तुर्की मालाला बंदरातून विनाशुल्क वाट मिळेल. अजारा आजही 'स्वायत्त प्रजासत्ताक' आहे त्याचं मूळ या तहात आहे. वेगळ्या भाषेमुळे किंवा वेगळ्या वंशामुळे मिळालेली ही स्वायत्तता नाही. इथले बहुसंख्य लोक जॉर्जियनच बोलतात. वेगळा होता तो धर्म.

पुढे सोव्हिएत काळात ती धर्माची मोकळीक कागदावरच राहिली. मशिदी बंद झाल्या, चर्चंही बंद झाली. सीमेवर काटेरी तारा आल्या. पलीकडे नाटोचा सदस्य देश, अलीकडे सोव्हिएत संघ, आणि मधे बातुमी, रस्त्याच्या अगदी शेवटचं शहर. ३१ ऑगस्ट १९८८ रोजी सार्पीचं नाकं उघडलं तेव्हा जे शहर अर्धं शतक रस्त्याचा शेवट होतं ते पुन्हा दार झालं.

शहर खरंच वाढतंय का, की नुसत्या इमारतीच वाढताहेत?

दोन्ही, पण सारख्या वेगाने नाही. १९८९ च्या जनगणनेत बातुमीची लोकसंख्या सुमारे १ लाख ३७ हजार होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर वीज नव्हती, काम नव्हतं, लोक गेले आणि २००२ मध्ये आकडा सुमारे १ लाख २२ हजारांवर आला. २०१४ मध्ये तो १ लाख ५३ हजारांच्या आसपास होता. त्यातला काही भाग २०११ मध्ये शहराची हद्द वाढवून आजूबाजूची गावं आत घेतल्यामुळे आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

वळण आलं २००४ मध्ये. तोवर अस्लान अबाशिद्झे हा नेता अजारावर स्वतःची जहागीर असल्यासारखी सत्ता चालवत होता. मे २००४ मध्ये त्याच्या माणसांनी अजाराच्या हद्दीवरचे पूल उडवले, लोक रस्त्यावर उतरले आणि तो मॉस्कोला पळाला. २००७ मध्ये रशियन लष्करी तळही गेला. त्यानंतर सरकारने या शहरात पैसा ओतला. नवं विमानतळ, नवे चौक, किनाऱ्यावर एकापेक्षा एक उंच मनोरे. यातल्या काही इमारतींविषयी माझं मत फारसं चांगलं नाही. बाहेरच्या भिंतीत सोनेरी आकाशपाळणा बसवलेला दोनशे मीटरचा मनोरा तंत्रविद्यापीठासाठी बांधला होता; तिथे ते विद्यापीठ कधी सुरूच झालं नाही. त्याउलट जॉर्जियन लिपीची ३३ अक्षरं दोन पट्ट्यांनी गुंफलेला अक्षर-मनोरा मला मनापासून आवडतो. आपल्या लिपीसाठी आकाशाएवढं स्मारक उभारावं असं वाटणारे लोक मला जवळचे वाटतात.

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर रशियन, युक्रेनी आणि बेलारूसी लोक मोठ्या संख्येने आले. एकमेकांशी लढणाऱ्या देशांतली कुटुंबं एकाच इमारतीत भाड्याने राहू लागली. घरभाडी चढली ती स्थानिकांना आणि विद्यार्थ्यांना अजून जाचतात.

तिथे कोण कोण राहतं?

जनगणनेच्या तक्त्यात पाहिलं तर नव्वद टक्क्यांहून अधिक लोक जॉर्जियन दिसतात, मग आर्मेनियन, रशियन, ग्रीक, युक्रेनी, अबखाझ. हा तक्ता पाहून 'मग विविधता कसली?' असं कुणी विचारेल. उत्तरासाठी जुन्या भागात तासभर पायी फिरा.

संत निकोलसचं चर्च ग्रीकांनी ओटोमन काळात बांधलं. सुलतानाने परवानगी दिली, पण घंटा वाजवायची नाही या अटीवर, असं सांगतात. ओर्ता जामे ही मशीद १८८६ ची, आत लाकडी नक्षी आणि रंगकाम. सिनेगॉग १९०४ चं. आर्मेनियन चर्चही त्याच काळातलं. ऑर्थोडॉक्स या जॉर्जियातल्या मुख्य ख्रिस्ती पंथाचं शहरातलं आजचं प्रधान चर्च मुळात कॅथलिक. झुबालाश्विली या श्रीमंत जॉर्जियन कॅथलिक घराण्यातल्या भावांनी ते गॉथिक शैलीत बांधवलं. सोव्हिएत काळात ते बंद होतं आणि नंतर ऑर्थोडॉक्स झालं. कॅथलिकांनी २००० मध्ये स्वतःसाठी नवं बांधलं. ही सगळी ठिकाणं पायी एका फेरीत होतात.

भाषाही तशाच. सीमेलगत लाझ लोक राहतात. त्यांची लाझ भाषा जॉर्जियनची दूरची बहीण आहे, पण दोघींच्या बोलणाऱ्यांना एकमेकींचं कळत नाही. बाजारात तुर्की चालते, म्हाताऱ्यांशी रशियन, तरुणांशी इंग्रजी.

आणि चिनी दुवाही आहे. १८९३ मध्ये लियू जुन्झोउ नावाचा चहातज्ज्ञ आपल्या माणसांसह चीनमधून इथे आला आणि जवळच्या चाक्वीत त्याने चहाचे मळे लावले. जॉर्जियन चहा पुढे साऱ्या सोव्हिएत संघाने प्यायला, त्याची मुळं इथे आहेत. मळ्यातल्या ग्रीक मजूर बायका आणि तो चिनी देखरेखदार यांचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे रंगीत फोटो आजही उपलब्ध आहेत.

अजारातले मुस्लिम तुर्की आहेत का?

नाहीत. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की स्थानिक लोक त्याने दुखावतात. ते जॉर्जियन आहेत, त्यांची मातृभाषा जॉर्जियन आहे, ओटोमन काळात त्यांच्या पूर्वजांनी इस्लाम स्वीकारला. २०१४ च्या जनगणनेनुसार अजारात सुमारे ४० टक्के लोक मुस्लिम आहेत, बातुमी शहरात सुमारे पाव. वरच्या अजारातल्या डोंगरी गावांत हे प्रमाण बरंच जास्त. एकाच कुटुंबात आजोबा नमाज पढतात आणि नात चर्चमध्ये मेणबत्ती लावते, हे इथे नवल नाही. १९९० नंतर अनेकांनी ख्रिस्ती धर्म घेतला. 'खरा जॉर्जियन म्हणजे ऑर्थोडॉक्स' हे समीकरण देशात जोरदार असल्यामुळे त्यामागे श्रद्धा किती आणि दडपण किती, हे प्रत्येक घरात वेगळं आहे.

म्हणजे सगळे गुण्यागोविंदाने राहतात का?

बऱ्याच अंशी हो. पण माहितीपत्रकांतलं चित्र अपुरं आहे. शहरात जुनी मशीद एकच. शुक्रवारी लोक रस्त्यावर पावसात चटया अंथरून नमाज पढतात. मुस्लिमांनी दुसऱ्या मशिदीसाठी हजारो सह्या जमवल्या, स्वतः जमीन घेतली. महापालिकेने २०१७ मध्ये परवानगी नाकारली. २०१९ मध्ये शहर न्यायालयाने ती नकाराची कृती भेदभावाची ठरवली, तरी थेट परवानगी द्यायचा आदेश काही दिला नाही. समुद्रकाठी मुस्लिम तरुण आणि ख्रिस्ती राजकन्येच्या प्रेमाचं शिल्प रोज संध्याकाळी हजारो लोक पाहतात. तामार क्वेसिताद्झे यांच्या 'अली आणि निनो' या शिल्पातल्या दोन पोलादी आकृती सरकत येतात, एकमेकींच्या आरपार जातात आणि दूर होतात. ते पाहावंच. पण त्या शहरातल्या माणसांना नमाजाला छप्पर मागावं लागतं, हेही त्याच वेळी लक्षात असू द्यावं.

सध्या वातावरण कसं आहे?

रस्त्यावर फिरायला शहर सुरक्षित आहे, रात्रीसुद्धा. राजकारण मात्र तापलेलं आहे. 'बातुमेलेबी' या स्थानिक वृत्तपत्राच्या संस्थापक, ज्येष्ठ पत्रकार मझिया अमाग्लोबेली यांना जानेवारी २०२५ मध्ये बातुमीत अटक झाली आणि ऑगस्टमध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी युरोपीय संसदेने त्यांना विचारस्वातंत्र्यासाठीचा साखारोव्ह पुरस्कार दिला. 'बातुमेलेबी' म्हणजे बातुमीकर. पर्यटकाने आणि विद्यार्थ्याने निदर्शनांपासून लांब राहावं हे खरं, पण ती कशासाठी आहेत हे समजून घ्यायला काहीच हरकत नाही.

एका दिवसात तुर्कस्तानात जाऊन येता येईल का?

जॉर्जियन आणि तुर्की नागरिकांना येईल. ते नुसत्या ओळखपत्रावर जातात-येतात. भारतीय पासपोर्टवाल्याला तुर्कस्तानचा व्हिसा आधी हवा, आणि परतताना जॉर्जियात पुन्हा शिरण्याची सोय आपल्या व्हिसावर आहे की नाही हे नीट वाचायला हवं. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर पलीकडे गेलात की परतीची वाट बंद. नाक्यापलीकडे घड्याळ एक तास मागे करायचं हेही विसरू नका.

ओलांडायचं नसलं तरी सार्पीपर्यंत जरूर जा. हे एकच लाझ गाव, मधून सीमारेषा. १९२१ नंतर भाऊ अलीकडे, बहीण पलीकडे असं झालं. सोव्हिएत काळात पलीकडे हाक मारायलाही बंदी होती. तेव्हा घरात कुणी गेलं की अलीकडच्या बायका लाझ भाषेत मोठमोठ्याने विलाप करत आणि त्या विलापातच कोण गेलं, कसं गेलं हे सांगत, म्हणजे पलीकडच्या नातलगांना कळावं, असं गावातले लोक सांगतात. आज तिथे पांढऱ्या लाटेसारखी दिसणारी नव्या धाटणीची नाक्याची इमारत आहे, खाली लोक पोहत असतात, आणि मालमोटारींची रांग किलोमीटरभर पसरलेली असते.

वाटेत गोनियोचा किल्ला लागतो. रोमन काळातला, चौकोनी, भक्कम भिंतींचा. सीमेवर पहारा ठेवायची गरज या जागेला दोन हजार वर्षांपूर्वीही होती.

सीमा किती लवचीक असू शकते याचाही एक नमुना इथे आहे. २००७ पासून अनेक वर्षं इस्तंबूलहून तुर्कस्तानातल्या होपा गावी जाणारे तुर्की प्रवासी बातुमीच्या विमानतळावर उतरत आणि जॉर्जियाच्या तपासणीत न शिरता बसने थेट पलीकडे जात. एका देशाचं विमानतळ दुसऱ्या देशाने घरच्यासारखं वापरलं.

इतके कॅसिनो कशासाठी?

तुर्कस्तानने १९९८ मध्ये कॅसिनोंवर बंदी घातली आणि सीमेपासून अर्ध्या तासावर बातुमी होतं. एवढंच कारण पुरेसं आहे. मोठं हॉटेल बांधणाऱ्याला कॅसिनोच्या परवान्यात सवलत मिळाली, मग हॉटेलंही झाली. विद्यार्थ्यांच्या पालकांना एवढंच सांगेन: ही ठिकाणं शहराच्या मध्यभागी आहेत, त्यांच्या दिव्यांवर डोळे मिटता येत नाहीत. मुलांशी निघण्यापूर्वी या विषयावर मोकळेपणाने बोला.

पाऊस किती पडतो?

भरपूर. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलीमीटर, म्हणजे कोकणाच्या जवळपास. फरक असा की कोकणात तो चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने आभाळ कोरडं. बातुमीत तो बाराही महिने येतो, आणि सर्वांत जोर शरद ऋतूपासून डिसेंबरपर्यंत. जवळच्या डोंगराचं नावच म्तिराला आहे, अर्थ 'रडणारा'. तिथे वर्षाला चार हजार मिलीमीटरच्या वर पडतो. त्या राष्ट्रीय उद्यानातलं कोल्खिक वर्षावन २०२१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. हिमयुगातही तगून राहिलेली झाडं तिथे आहेत. वाटेवर नेचे आणि शेवाळ पाहताना आंबोलीची आठवण येते, फक्त थंडी जास्त.

या पावसाच्या भरवशावरच आंद्रेई क्रास्नोव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये शहराच्या उत्तरेला, हरित भूशिरावर, वनस्पती उद्यान उभं केलं. शंभरहून अधिक हेक्टर, उतार थेट समुद्रात. जगाच्या वेगवेगळ्या भागांचे विभाग केलेले आहेत, त्यांत एक हिमालयाचाही. इथे अर्धा दिवस नव्हे, पूर्ण दिवस द्या.

समुद्रकिनारा कसा आहे?

वाळू नाही, गोटे आहेत. अनवाणी चालता येत नाही, रबरी बूट न्या. पाणी दोन-चार पावलांत खोल होतं, तेव्हा लहान मुलांना हात सोडू देऊ नका. आपल्याकडच्या माणसाला सगळ्यांत चमत्कारिक वाटतं ते म्हणजे भरती-ओहोटी जवळपास जाणवतच नाही. सकाळी जिथे पाणी, तिथेच संध्याकाळी. चवही निम्मीच खारट. स्वच्छ पाणी हवं असेल तर दक्षिणेला गोनियो किंवा क्वारियातीला जा. १८८१ मध्ये आखायला घेतलेला किनाऱ्यालगतचा 'बुलेवार', म्हणजे फिरायचा रस्ता, आता सात किलोमीटरचा झाला आहे. न पोहणाऱ्यांसाठी तोच खरा बातुमीचा आनंद.

शाकाहाऱ्याचं काय?

उत्तम होतं, पण दोन-तीन शब्द पाठ हवेत. 'उखोर्त्सोद' म्हणजे मांस नको, 'उक्वेर्त्सखोद' म्हणजे अंडं नको. अजारी खाचापुरी ही होडीच्या आकाराची, चीज भरलेली भाकरीसारखी भाजलेली रोटी. वर कच्चं अंडं आणि लोण्याचा गोळा टाकतात. अंडं वगळून मागितली तर करून देतात. होडीचे कडेचे तुकडे मोडून मधल्या चीजमध्ये बुडवत खायचं, काटा-सुरी लागत नाही. लोबिओ म्हणजे राजम्याचं घट्ट कालवण, त्याबरोबर म्चादी नावाची मक्याची जाड भाकरी. वांग्याच्या कापांत अक्रोडाचं वाटण भरून केलेली बाद्रिजानी तर आपल्या भरल्या वांग्याची चुलत बहीण शोभेल. बोरानो, सिनोरी हे खास अजारी पदार्थ लोणी-चीजने निथळतात, भूक लागल्यावरच मागवा.

एक शब्द मात्र सोन्यासारखा: 'समार्ख्वो', उपासाचं जेवण. ऑर्थोडॉक्स लोक बुधवारी, शुक्रवारी आणि सणांआधीच्या व्रतांत मांस, अंडी, दूध काहीच खात नाहीत. त्या काळात जवळपास प्रत्येक खानावळीत हे जेवण मिळतं.

डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी बातुमी कसं?

इथलं शोता रुस्तावेली विद्यापीठ १९३५ मध्ये शिक्षक घडवणारी संस्था म्हणून सुरू झालं. आता तिथे इंग्रजीतून वैद्यकीय शिक्षण आहे आणि भारतीय विद्यार्थी शिकतात. खासगी पर्यायही आहेत. पण कुठल्याही एजंटच्या बोलण्यापेक्षा आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम वाचा. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याइतकी पात्रता, आणि परतल्यावर परीक्षा व भारतात पुन्हा १२ महिने. यातलं एक जरी चुकलं तरी सहा वर्षं वाया जाऊ शकतात. शिवाय २०२५ मध्ये जॉर्जियन सरकारने उच्चशिक्षणात मोठे बदल जाहीर केले, त्यात सरकारी विद्यापीठांतल्या परदेशी प्रवेशांचाही मुद्दा आहे. म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याच्या मुलाचं उदाहरण यंदाला लागू पडेलच असं नाही; थेट विद्यापीठाकडून लेखी उत्तर घ्या.

भाषेचंही आधीच ठरवा. वर्गात इंग्रजी चालते, पण तिसऱ्या वर्षापासून वॉर्डातला पेशंट जॉर्जियनच बोलतो. जे विद्यार्थी पहिल्या वर्षापासून भाषा शिकतात त्यांना रुग्ण तपासायला मिळतात, बाकीचे मागे उभे राहतात.

दिव्या देशमुखची ती स्पर्धा इथेच का झाली?

जॉर्जियात महिला बुद्धिबळाची परंपरा जगात सर्वांत खोल आहे. १९६२ ते १९९१ अशी सलग एकोणतीस वर्षं महिलांचं जगज्जेतेपद दोन जॉर्जियन बायकांकडे होतं: आधी नोना गाप्रिंदाश्विली, मग माया चिबुर्दानिद्झे. ग्रँडमास्टर किताब मिळवणारी जगातली पहिली महिला नोनाच. पूर्वी इथे मुलीला लग्नात बुद्धिबळाचा पट देण्याची रीत होती. २०१८ चं बुद्धिबळ ऑलिंपियाडही बातुमीतच झालं.

२०२५ च्या विश्वचषकात १९ वर्षांची दिव्या हरिका द्रोणवल्ली आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना हरवत अंतिम फेरीत आली. समोर कोनेरू हम्पी, जी दिव्याच्या जन्माआधीच ग्रँडमास्टर झालेली. दोन डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांत दिव्या जिंकली, आणि त्या एका विजयाने तिला ग्रँडमास्टर किताबही मिळाला. जिथे मुलींच्या हाती पट देण्याची रीत होती त्या भूमीवर दोन भारतीय मुली अंतिम सामना खेळल्या, याचा मला फार आनंद वाटतो.

जायचं कसं, आणि कागदपत्रं?

भारतीयांना व्हिसा लागतो. ऑनलाइन अर्ज करता येतो. अमेरिका, शेंगेन देश वगैरेंचा वैध व्हिसा किंवा निवास परवाना असेल तर सवलत आहे, पण ती यादी निघण्यापूर्वी पुन्हा तपासा. जानेवारी २०२६ पासून पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा आहे. चलन लारी. वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. बरेच जण आखाती देशांमार्गे त्बिलिसीला उतरतात आणि तिथून दुमजली रेल्वेने येतात. तिकीट उन्हाळ्यात आधीच काढा. रेल्वे स्थानक शहराच्या उत्तरेला माखिंजाउरीत आहे, तिथून बस मिळते.

कोणत्या महिन्यात जावं?

पोहायचं असेल तर जून ते सप्टेंबर. मला विचाराल तर सप्टेंबर, आणि तो समुद्रासाठी नव्हे, आकाशासाठी. युरोप आणि रशियातले शिकारी पक्षी हिवाळ्यासाठी आफ्रिकेकडे निघतात तेव्हा त्यांना काळा समुद्र आणि कॉकेशसचे डोंगर यांच्यामधल्या या अरुंद पट्टीतून जावं लागतं. मोठ्या पंखांचे पक्षी तापलेल्या हवेच्या झोतावर तरंगत जातात. समुद्रावर तसे झोत नसतात, म्हणून ते किनारा सोडत नाहीत. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत दहा लाखांहून जास्त मधुबाज, घारी, गरुड, ससाणे बातुमीवरून जातात. २००८ पासून देशोदेशीचे स्वयंसेवक दरवर्षी त्यांची मोजणी करतात. डोंगरातल्या काही गावांत पूर्वी या पक्ष्यांची शिकार होई, अजूनही थोडी होते. तिथल्याच घरांत आता पक्षीनिरीक्षक भाड्याने राहतात, आणि शिकारीपेक्षा पाहुण्यांत जास्त मिळकत आहे हे गावाला पटू लागलं आहे.

शहरातून साखाल्वाशो गावाच्या टेकडीवर जा. दुर्बीण न्या. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला असेल आणि सकाळी ऊन पडलं असेल तर उत्तम, कारण पावसात अडकलेले पक्षी मग एकदम निघतात.